सहलीत बंदुका दिसणार आहेत, ग्रुपला कसं तयार कराल?

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात काश्मीरची चौकशी करायला येणारे काका पहिला प्रश्न विचारतात, "तिकडे आता मिलिटरी भरपूर आहे ना?" मी हो म्हणते. त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग चहा येतो, काकू माहितीपत्रक चाळतात, आणि थोड्या वेळाने तेच काका जरा पुढे वाकून विचारतात, "फारच मिलिटरी असते का हो? म्हणजे सगळीकडे बंदुकाच दिसतात का?"

दोन्ही प्रश्न मनापासूनचे असतात. बंदोबस्त नसला तर माणसं बिचकतात, असला तरी बिचकतात, आणि आपण कोणत्या बाजूला झुकू ते त्यांना स्वतःलाही आधी सांगता येत नाही. मी ठाण्या-डोंबिवलीची मंडळी, त्यातही साठीच्या पुढची, बरीच वर्षं देशात आणि बाहेर फिरवते आहे. हे टिपण माझ्यासारख्या ग्रुप नेणाऱ्यांसाठी आहे. आई-वडिलांना, नाहीतर सोसायटीच्या महिला मंडळाला घेऊन निघणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आधी ठाण्यातला गृहपाठ

निघण्याआधी आम्ही घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बोलावतो. ओळखी होतात, औषधांची यादी घेतली जाते, थंडीचे कपडे किती घ्यायचे यावर वाद होतात. त्या बैठकीच्या आठवडाभर आधी मी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काम देते: या आठवड्यात तुम्हाला जिथे जिथे बंदूक दिसेल ती जागा लिहून आणा.

लोक हसतात. ठाण्यात कुठे आल्या बंदुका? मग याद्या घेऊन येतात. गोखले रोडला एटीएमसमोर उभ्या कॅश व्हॅनचा गार्ड, हातात बारा बोअर. सराफाच्या दारात खुर्ची टाकून, दुनळी मांडीवर आडवी ठेवून पेपर वाचणारे मामा. स्टेशनात फेरी मारणारे आरपीएफचे दोघे. मंगळवारी सिद्धिविनायकाला गेलेल्यांना तिथले पोलीस. लेकीला सोडायला विमानतळावर गेलेल्यांना दारातला सीआयएसएफचा जवान. एखाद्याने कोर्ट नाक्यावर कुठल्यातरी साहेबांच्या गाडीमागचे कमांडो पाहिलेले असतात.

मग मी विचारते, यातल्या कोणाची भीती वाटली? कोणाचीच नाही. कॅश व्हॅनवाल्याला तर आपण "जरा सरका हो" म्हणून पलीकडे वडापाव घ्यायला जातो. (माझं विचाराल तर ठाण्यात काळजी करावी अशी बंदूक तीच. भर वर्दळीचा फूटपाथ, पोट सुटलेला गार्ड, आणि त्याने शेवटची गोळी कधी झाडली ते देवाला ठाऊक.) तरी भीती वाटत नाही, कारण तो कशासाठी उभा आहे ते आपल्याला माहीत असतं. पैशांची पेटी आत गेली की तोही जाणार, हेही माहीत असतं.

आता काश्मीरचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. सफरचंदाची बाग, तिच्या कुंपणाशी एक जवान एकटाच उभा. रस्त्याकडे पाठ, बागेकडे तोंड. तिथे ना बँक, ना देऊळ, ना मंत्री. तो कशावर पहारा देतोय? उत्तर मिळालं नाही की काकू मनातल्या मनात स्वतःच एक उत्तर तयार करतात, आणि ते नेहमी सगळ्यात वाईट असतं. म्हणून बैठकीत मी प्रत्येक ठिकाणच्या बंदोबस्ताबद्दल तीन गोष्टी सांगते: कोण उभं असेल, कशासाठी, आणि किती वाजेपर्यंत. गृहपाठ केलेल्या ग्रुपला हे सांगणं सोपं जातं, कारण हेच तीन प्रश्न त्यांनी कॅश व्हॅनला लावून पाहिलेले असतात.

काश्मीर: दिसेल त्या क्रमाने सांगा

"घाबरू नका, सगळीकडे बंदोबस्त आहे" या वाक्याने कोणाचंही समाधान होत नाही. क्रमाने सांगितलं की होतं.

श्रीनगरचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. उतरताना खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगू शकतात. ती तिथली शिस्त आहे, खाली काही घडलंय म्हणून नाही, एवढं एक वाक्य मुंबईतच सांगून ठेवा. विमानातून आणि धावपट्टीवर फोटो काढायचे नाहीत. परतीच्या दिवशी टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबते, सगळे खाली उतरतात, सगळं सामान स्कॅनरमधून जातं, पुन्हा गाडीत बसायचं, मग टर्मिनलच्या दारात पुन्हा तपासणी आणि आत गेल्यावर नेहमीची आहेच. गुडघेदुखीवाल्यांना ही चढउतार बंदुकांपेक्षा जड जाते. तेव्हा व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा आणि हॉटेल एरवीपेक्षा तास-दीड तास लवकर सोडा.

शहरात चौकाचौकांत सीआरपीएफ आणि जम्मू-काश्मीर पोलीस दिसतात. जाळी लावलेल्या चौक्या, वाळूची पोती, जाड पत्र्याच्या चिलखती गाड्या. दल लेकच्या बुलेव्हार्डवर एका हाताला शिकारे आणि दुसऱ्या हाताला हे, असं दृश्य असतं. पहिल्या संध्याकाळी सगळे गप्प होतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्यांना चौकी दिसेनाशी होते आणि शाली दिसायला लागतात. हेही आधी सांगून टाकायचं: "पहिला दिवस जड जाईल, उद्या नाही जाणार." आपल्याला जे वाटतंय ते सगळ्यांनाच वाटतं हे कळलं की माणूस निम्मा सावरतो.

हायवेवरच्या त्या बागेशी उभ्या जवानाचं उत्तर आहे आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. सकाळी जवानांची तुकडी रस्त्याच्या कडेने पायी निघते, मोऱ्या, झुडपं, पुलांच्या खालच्या जागा तपासते, कधी सोबत श्वान असतो. स्फोटकं पेरलेली नाहीत याची खात्री झाली की ठरावीक अंतरावर एकेक जवान उभा राहतो आणि दिवसभर तो पट्टा सांभाळतो. बागेकडे तोंड यासाठी, की धोका आला तर तिकडून येणार. संध्याकाळी ही माणसं उठतात. म्हणून आमचा नियम साधा आहे: दिवे लागायच्या आत हॉटेलात. कोणी कितीही म्हणो, "अजून एक पॉइंट करू ना, एवढे लांब आलोय." १० जुलै २०१७ ला अमरनाथ यात्रेकरूंची गुजरातहून आलेली बस अनंतनागजवळ गोळीबारात सापडली, तेव्हा ती यात्रेच्या ताफ्यात नव्हती आणि यात्रेच्या गाड्यांना ठरवून दिलेली वेळही टळून गेली होती. हे मी बैठकीत सांगते, आवाज न चढवता. मग गाडीत वेळेवरून कटकट होत नाही.

ताफा हा दुसरा मुद्दा. लष्कराच्या किंवा सीआरपीएफच्या गाड्यांची रांग जात असली की जवान शिट्टी आणि काठीने खासगी गाड्या बाजूला घ्यायला लावतात. कधी पाच मिनिटं, कधी बराच वेळ. आपल्याकडचा माणूस घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर मुकाट बसतो, इथे मात्र त्याला राग येतो, किंवा पोटात गोळा येतो. कारण सांगा: १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात लेथपोराजवळ स्फोटकांनी भरलेली खासगी गाडीच ताफ्यातल्या बसजवळ आणली गेली आणि सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्या जवानाच्या जागी आपण असतो तर आपणही प्रत्येक अनोळखी गाडीकडे तसंच पाहिलं असतं. काचा वर, हात आत, मोबाइल खाली. ड्रायव्हरला "काढ रे कडेने" म्हणायचं नाही. ताफ्यात घुसणं किंवा त्याला ओव्हरटेक करणं तर विचारातही आणायचं नाही.

आणि फोन. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. याचा सुरक्षेशी काय संबंध, असं वाटेल. पण संपर्क तुटलेला माणूस साध्या नाकाबंदीलाही दुप्पट घाबरतो. दर खोलीत किमान एक पोस्टपेड नंबर असलाच पाहिजे, असं आम्ही बुकिंगच्या वेळीच बघतो.

नजर कुठे ठेवायची

ग्रुपमधले काही जण बंदुकीकडेच बघत राहतात. कोणती, किती मोठी, गोळ्या किती. त्यांना मी सांगते, जवानाचे हात बघा. नळी जमिनीकडे आहे, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ ठेवलेलं आहे, शेजारच्या सहकाऱ्याशी बोलणं चाललंय, कुणीतरी चहाचा ग्लास आणून दिलाय: म्हणजे रोजची ड्यूटी चालू आहे.

त्याहून उपयोगी म्हणजे आजूबाजूची माणसं. शाळेची मुलं दप्तरं घेऊन चौकीवरून गप्पा मारत चाललीत का? ब्रेडवाल्या कांदुरकडे रांग आहे का? दुकानदार गिऱ्हाईक करतोय की शटरची साखळी हातात धरून उभा आहे? त्या गावाचा अंदाज त्या गावच्या माणसाला आपल्याआधी येतो. जवानांची संख्या अचानक वाढली, चालणारे पळायला लागले, हेल्मेटं चढली, शटरं अर्धी खाली आली, तर आपली खरेदी तिथेच संपली. पैसे दिलेली शाल राहिली तरी चालेल. गाडीकडे जायचं, व्हिडिओ काढायचा नाही, आणि पुढचा निर्णय स्थानिक ड्रायव्हरचा. गाडी कुठे लागली आहे आणि ती सापडली नाही तर दुसरी भेटायची जागा कोणती, हे प्रत्येक थांब्यावर उतरण्याआधी सांगायचं. रोज सांगायचं. लोक कंटाळतात, कंटाळू देत.

इथे मी सीएसटीचं उदाहरण देते, कारण ठाण्याच्या माणसाला ते स्टेशन घरच्यासारखं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे बंदूकधारी पोलीस होतेच, पण हल्लेखोरांच्या एके-४७ पुढे त्यांची हत्यारं तोकडी पडली. लोकलच्या बाजूला असलेल्या प्रवाशांना मोठा आधार झाला तो उद्घोषक विष्णू झेंडे यांच्या आवाजाचा. माइकवरून ते सांगत राहिले की पुढच्या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. ग्रुप लीडरचा आवाज त्या माइकच्या जातीचा आहे, असं समजा. कुठे जायचं हे मोठ्याने आणि एकाच माणसाने सांगायचं. चार काकांनी चार दिशा दाखवल्या की झालं.

प्रत्येकाला वेगळं वाटतं

निवृत्त फौजी काका ग्रुपमध्ये असले तर अर्धं काम हलकं होतं. ते सहज सांगतात, "अरे, हा पोरगा सकाळी चारपासून उभा आहे, त्याला आधी भूक लागली असेल." बंदुकीमागे चेहरा दिसायला लागतो. त्यांना गाडीत पुढे बसवू नका, मध्ये बसवा, दोन्हीकडच्यांना ऐकू जातं. पण युद्धकथा रंगायला लागल्या तर विषय बदला. लहान मुलांना बहुतेक वेळा भीती वाटत नाही, त्यांना फक्त हात लावायचा असतो, तेव्हा त्यांचा हात धरून ठेवा. एकट्या आलेल्या बायकांपैकी काहींना महिला जवान दिसली की हायसं वाटतं. काहींना मात्र बंदोबस्ताचा सगळा प्रकारच अंगावर येतो, आणि समजावून तो जात नाही. अशा वेळी "काय घाबरतेस" म्हणू नका. त्या दिवशी तिला बागेत, नाहीतर हाउसबोटवर एका सोबतिणीबरोबर थांबू द्या. उरलेला ग्रुप लाल चौकात जाऊन येईल. पैसे भरलेत म्हणून प्रत्येकाने प्रत्येक ठिकाण पाहिलंच पाहिजे, हा हट्ट सहल बिघडवतो.

एक गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नसते. नाक्यावर गाडी थांबते. आत मराठी बोलणारी, स्वेटर-माकडटोपीतली मंडळी पाहून जवान हसून हात करतो. ड्रायव्हर मात्र खाली उतरतो, ओळखपत्र दाखवतो, डिकी उघडतो, प्रश्नांना उत्तरं देतो. जो बंदोबस्त आपल्याला दिलासा देतो तोच त्याला रोज खाली उतरवतो. तो परत गाडीत बसल्यावर आपल्यातला कोणीतरी मोठ्याने म्हणतो, "चेकिंग पाहिजेच हो." मी बैठकीतच सांगते: त्या वेळी हे बोलायचं नाही. पुढचे सहा दिवस आपण त्याच्या गाडीत, त्याच्या भरवशावर फिरणार आहोत. त्याला पाणी विचारा, आणि पुढे चला.

चिवडा, सेल्फी, घोषणा

आपल्या माणसांचं जवानांवर प्रेम फार. डबे भरून चिवडा, बेसनाचे लाडू, राखीच्या दिवसांत राख्या. भावना सुंदर आहे, पण ड्यूटीवरचा जवान अनोळखी माणसाच्या हातचं खात नाही, आणि खाऊ नयेच. त्याच्या हातात डबा कोंबणं म्हणजे त्याचा हत्यारावरचा एक हात काढून घेणं. लांबूनच नमस्कार किंवा "जय हिंद" म्हणा. त्याने मान हलवली तर दिवस सार्थकी लागला असं समजा.

सेल्फी, चौकीचा फोटो, पुलाचा फोटो, ताफ्याचा रील: काहीही नाही. पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन तर बॅगेतही नको. आणि भर बाजारात ग्रुपने एकदम घोषणा द्यायच्या नाहीत. तिथे लोक भाजी घेत असतात. आधार कार्ड सूटकेसमध्ये तळाशी नको, गळ्यातल्या पाऊचमध्ये हवं. बॅग बाकावर ठेवून "आलेच दोन मिनिटांत" ही सवय ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या आवारात चालत असेल, तिथे नाही. बॉम्बवरचे विनोद विमानतळावर आणि नाक्यावर कधीच नाहीत. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक विनोदी काका असतो. त्यांच्याशी मी आधीच खासगीत बोलते.

परदेशातली बंदूक

पॅरिसला आयफेल टॉवरच्या आसपास चार-चार सैनिक मोठ्या रायफली घेऊन चालत असतात. ही ऑपरेशन सेंटिनेल, जानेवारी २०१५ च्या हल्ल्यांनंतर सुरू झाली. सुरुवातीला सुमारे १०,००० सैनिक रस्त्यांवर उतरवले होते. टॉवरच्या पायथ्याशी २०१८ पासून बुलेटप्रूफ काचेची भिंतही आहे. ग्रुपला हे सगळं बघून एकदम निर्धास्त वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. सैनिक दहा फुटांवर आहेत म्हणून पर्सची चेन उघडी राहते. त्या सैनिकांना दहशतवाद्यांसाठी ठेवलंय, पाकीटमारांसाठी नाही. पॅरिसमध्ये आपल्या मंडळींचं जे नुकसान होतं ते मेट्रोच्या दारात, टॉवरखालच्या गर्दीत आणि साक्रे-कूरच्या पायऱ्यांवर, कोणताही आवाज न होता. माझी सूचना पाठ असते: रायफल दिसली की हात पर्सवर.

रोममध्ये कोलोसियमजवळ आणि मेट्रो स्टेशनांवर लष्कराची जीप आणि सैनिक दिसतात. २००८ पासून हे चालू आहे, त्याला स्त्रादे सिकुरे म्हणतात. तिथून व्हॅटिकनला गेलं की रंगीबेरंगी पट्ट्यांच्या पोशाखातले, हातात परशूसारखा लांब दांड्याचा भाला घेतलेले स्विस गार्ड. सगळे खूष, फोटोच फोटो. पण ते गार्ड स्वित्झर्लंडच्या लष्करात प्रशिक्षण घेतलेले असतात आणि पोपच्या रक्षणाचं काम १५०६ पासून त्यांच्याकडे आहे. एकाच दिवशी, एकाच शहरात, जीपवाले आणि हे गार्ड, दोन्ही सैनिक तेच काम करतात. एकाला पाहून काकू माझा हात घट्ट धरतात, दुसऱ्याबरोबर हसून उभ्या राहतात. पोशाखाने केवढा फरक पडतो हे ग्रुपला तिथेच दाखवून दिलं तर पुढच्या शहरात उपयोगी पडतं. लंडनला उलटा प्रकार. रस्त्यावरच्या बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते, त्यामुळे हीथ्रोवर किंवा वेस्टमिन्स्टरला रायफलवाला दिसला की तोच उठून दिसतो, आणि काहीतरी झालंय असं वाटतं. झालेलं नसतं. तिथे तो रोजच असतो.

इजिप्त मात्र नीट समजावून सांगावं लागतं. तिथे पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत. कैरोहून निघालेल्या बसमध्ये कधी कधी सुटाबुटातला एक माणूस पुढे बसतो आणि कोट जरा सरकला की आतली छोटी मशीनगन दिसते. तो कोणाशी फारसं बोलत नाही. "हा कोण?" असं कुजबुजणं सुरू होण्याआधी गाइडला माइकवर त्याची ओळख करून द्यायला सांगा. रस्त्यात पोलिसांचे नाके लागतात. आस्वानहून अबू सिंबेलला पूर्वी गाड्या पोलिसांच्या ताफ्यातच सोडत.

हे का, तर १७ नोव्हेंबर १९९७ ला लक्सरजवळ हत्शेपसूत राणीच्या मंदिरात हल्ला झाला, ६२ माणसं मारली गेली, त्यांत ५८ परदेशी पर्यटक होते. प्रश्न असा, की हे ग्रुपला सांगायचं का? बरेच जण सांगत नाहीत, उगाच कशाला म्हणून. माझं मत: सांगायचं, पण ठाण्यात. मंदिराच्या पायऱ्यांवर उभं राहून कोणीतरी मोबाइलवर ते वाचणारच, आणि त्या क्षणी तुम्ही लपवलंत असं सगळ्यांना वाटणार. एकदा तसं वाटलं की पुढे तुमच्या "काळजी नको" ला किंमत राहत नाही. बसमध्ये, चढत्या उन्हात, नाक्यावर थांबलेलं असताना मात्र हा इतिहास काढू नका.

बैसरनबद्दल विचारतीलच

२२ एप्रिल २०२५ नंतर आमच्या भागात हा विषय बातमीचा राहिलेला नाही. पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर २६ जणांना मारलं, त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, पनवेलचे एक होते, आणि पर्यटकांसाठी मध्ये पडलेला तिथलाच एक घोडेवालाही होता. त्या जागेवर पायी किंवा घोड्यावरूनच जाता येतं, आणि हल्ला झाला तेव्हा कुरणावर सुरक्षा दल तैनात नव्हतं. त्याआधी तिथून येणारी माणसं काय सांगायची ते मला चांगलं आठवतं: "इतकं छान वाटलं, एकही बंदूक नाही!"

तेव्हा "बंदुका दिसल्या नाहीत म्हणजे शांतता" हे जसं खरं नाही, तसंच आता काही लोक म्हणतात ते, की "हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढलाय, म्हणजे हीच वेळ आहे जायची", तेही मी पुढे रेटत नाही. बंदोबस्त जिथे वाढतो तिथे बहुतेकदा आधी काहीतरी घडून गेलेलं असतं. उद्याचं काही त्यावरून कळत नाही. त्याऐवजी विचारता येतील असे प्रश्न आहेत. हल्ल्यानंतर जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती, नंतर टप्प्याटप्प्याने उघडायला लागली. बुकिंग करताना एजंटला आपल्या कार्यक्रमातलं एकेक ठिकाण घेऊन विचारा: आज उघडं आहे का? गाडी थेट जाते की पायी, घोड्याने? वाटेत किंवा वर पोलीस चौकी आहे का? किती वाजता खाली यायचं? एजंट "सब ओपन है" एवढंच म्हणाला तर हॉटेलवाल्याला वेगळं विचारा. आणि तिथे पोचल्यावर घोडेवाल्याने "इससे आगे भी ले जाऊंगा, बहुत अच्छा है" म्हटलं तर नको म्हणा. बिचाऱ्याचं पोट त्यावर आहे हे खरं, तर ठरलेल्या ठिकाणापर्यंतचेच पैसे थोडे जास्त द्या.

कोणी जायचं नाही ठरवलं तर मी आग्रह करत नाही. डोंबिवलीच्या एका कुटुंबाने काश्मीर रद्द करून केरळ घेतलं, मी तिकिटं बदलून दिली. भीती घेऊन गुलमर्गच्या गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये, बसण्यात काय मजा. जे जातात त्यांना मात्र एवढं सांगते, की काश्मीरमध्ये आपल्या वयाच्या माणसाला त्रास देणाऱ्या गोष्टींत घोड्यावरून पडणं, बर्फावर घसरणं, उंचीवर दम लागणं आणि रामबनजवळ दरड कोसळून रस्ता अडणं या गोष्टी वरच्या नंबरला आहेत, आणि यांच्यावर कोणत्याही जवानाचा पहारा नसतो. बूट चांगले घ्या. शिकाऱ्यात लाइफ जॅकेट मागा.

घरच्यांना काय पाठवायचं

सहलीतल्या माणसाची भीती दुसऱ्या दिवशी उतरते, पण ठाण्यात बसलेल्या लेकाची चढत जाते. आईने कौतुकाने पाठवलेल्या फोटोत मागे चिलखती गाडी असते, तो झूम करून बघतो, मग बहिणीला पाठवतो, आणि रात्री अकराला माझा फोन वाजतो. म्हणून निघण्याआधी घरच्यांचा एक वेगळा ग्रुप करा. त्यात कार्यक्रम, हॉटेलांची नावं आणि फोन, ड्रायव्हरचा नंबर आणि विमा टाकून ठेवा. ११२ हा आपत्कालीन नंबर आणि १३६३ ही पर्यटकांची हेल्पलाइन, दोन्ही लिहा. बंदोबस्ताचे फोटो कोणीही टाकायचे नाहीत, हे दोन्ही ग्रुपना बजावा. रोज रात्री जेवणं झाली की लीडरने एकच मेसेज टाकायचा: सगळे हॉटेलात पोचले, मोजून. उद्या कुठे, किती वाजता निघणार. नेटवर्क नसेल तर सकाळी नऊपर्यंत वाट बघा, मग हॉटेलला फोन करा. बातम्यांच्या चॅनेलवर काही दिसलं तर आधी ते ठिकाण आमच्या कार्यक्रमात आहे का ते बघा, मगच मला फोन करा.